पार्टनरला विचारून सांगते

गेल्या आठवड्यात अंधेरीला एका क्लायंटकडे बसले होते. आधी चहा आला, मग खारी आली, मग मुद्दा आला. "मॅडम, दिवाळीच्या आत २४ पाकिटांची डिझाइनं हवीत. रेटचं जरा बघा ना, पुढच्या वर्षी तुम्हालाच भरपूर काम आहे."

मी म्हटलं, "पार्टनरला विचारून सांगते."

त्यांचा चेहरा उतरला. मी मात्र संध्याकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये खिडकी मिळाल्यासारखी खूश होऊन बाहेर पडले.

अकरा वर्षं झाली आम्हाला. मी मजकूर लिहिते, तो अक्षरं आणि चित्रं बघतो. प्रभादेवीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, दोन टेबलं, एक प्रिंटर, तोही दर पावसाळ्यात रुसणारा. (पार्टनर म्हणजे धंद्यातला. नवरा वेगळा. हल्ली हे आधीच सांगितलेलं बरं असतं.)

सुरू केलं तेव्हा काका म्हणाले होते, "भागीचं घोडं किवणानं मेलं." काकांचं अगदीच चूक नव्हतं. मालक दोन असले की खरारा कुणी करायचा, यावरच दिवस जातो. पण याच मुंबईत, गिरगावात, १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. लिज्जतचं ते घोडं अजून पळतंय, कारण तिथं लाटणारीच मालकीण आहे. म्हणजे दोष घोड्याचा नसतो, खरारा न करणाऱ्या मालकांचा असतो.

लोकांना वाटतं, भागीदारीत काम अर्धं होतं. माझा अनुभव उलटा आहे, काम वाढतं. एकटी असते तर रात्री दहाला सुचलेली ओळ मेल करून झोपले असते. आता ती आधी एका माणसाला पटवावी लागते, आणि तो माणूस तोंडदेखलं 'छान' म्हणत नाही. एका लोणच्याच्या बरणीसाठी मी आजीवर ओळ लिहिली होती. आजीचे हात, आजीचा खलबत्ता, सगळं जमवलेलं. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. त्यानं वाचली आणि म्हणाला, "मुंबईतल्या प्रत्येक बरणीत एक आजी बसलीय. ही कितवी?" दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी भांडता भांडता असं निघालं की ओळच नको, झाकणावर फक्त लोणचं मुरेल त्या दिवसाची तारीख छापू. ग्राहकांना ते इतकं आवडलं की काही जण तारखेच्या आधी झाकण उघडल्याची कबुली द्यायला मालकांना फोन करायचे. ही कल्पना कुणाची? मी म्हणते माझी. तो म्हणतो त्याची. गाळ्यात तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे निकाल लागायची शक्यता नाही. नातेवाईक विचारतात, "यातलं तुझं नक्की कुठलं?" तेव्हा मी आता सरळ विषय बदलते.

पैशाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आपण मराठी माणसं तिथंच अडखळतो. भीड भिकेची बहीण, हे शाळेत वाक्यात उपयोग करायला ठीक होतं. समोरचा माणूस वयानं मोठा असला, चहा पाजत असला आणि 'आपलं घरचंच समजा' म्हणत असला, की माझ्या तोंडून 'हो' निघायचं. चौथ्या वर्षी मी अशीच एका कंपनीला निम्म्या पैशांत १२ दिवसांचं काम देऊन आले. त्याला न विचारता. तो काही बोलला नाही, रात्री थांबून अक्षरं काढत बसला. त्यातले निम्मे पैसे आजतागायत आलेले नाहीत. १९३२ च्या भागीदारी कायद्यात लिहिलंय की फर्मच्या कामात एका भागीदारानं दिलेला शब्द सगळ्या भागीदारांना बांधतो. कायदा मी नंतर वाचला. त्याची पाठ टेबलावर वाकलेली आधी पाहिली.

तेव्हापासून हे वाक्य. त्यानं एक रात्र मिळते. आणि दुसरं असं की स्वतःसाठी पैसे मागायला जीभ रेटत नाही, पण 'आमचा रेट' म्हणताना रेटते. सलीम-जावेद यांचंच बघा. पोस्टरवर लेखकाचं नाव घालायची पद्धत नव्हती, तेव्हा १९७३ मध्ये त्यांनी माणूस लावून मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर स्वतःची नावं रंगवून घेतली. एकट्या सलीम खान यांना किंवा एकट्या जावेद अख्तर यांना हे जमलं असतं? मला नाही वाटत. एकट्यानं केलं तर लोक आगाऊपणा म्हणतात. दोघांनी केलं की त्याची दंतकथा होते.

सगळं गोड आहे असं नाही. त्याला वेळेचं भान नाही, मला हिशोबाचं नाही. दोनदा वेगळं होण्यापर्यंत आलो होतो, कारणं इथं लिहिण्यासारखी नाहीत. करारनामा मात्र पहिल्याच महिन्यात केला होता, सीएनं कान धरून करायला लावला म्हणून. तो मायेच्या दिवसांतच करून घ्यावा. बिनसल्यावर कागदावरचा प्रत्येक शब्द टोचतो.

मागच्या महिन्यात तोच करारनामा नवा करायला बसलो होतो. सीए म्हणाले, दोघांच्या फर्ममधला एक गेला की फर्म संपते. पुढे नाव वापरायचं की नाही, ते आत्ताच लिहून ठेवा. मला शंकर-जयकिशन आठवले. १९७१ मध्ये जयकिशन गेले, आणि शंकर पुढं सोळा वर्षं, स्वतः जाईपर्यंत, दोघांच्या नावानं संगीत देत राहिले.

"मॅडम, उद्या हे नसले तर तुम्ही नाव ठेवणार का?" सीएंनी विचारलं.

"पार्टनरला विचारून सांगते," मी सवयीनं म्हणाले. तो शेजारच्याच खुर्चीत होता.

"ठेव," तो फाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "नाहीतर बोर्ड परत रंगवायला लागेल."