दीड म्हणजे एक पॉइंट तीस नव्हे

पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आकडे मराठी पोराला वेगळे शिकवावे लागत नाहीत. साहेबाच्या पोराला १.७५ कळायला दशांश चिन्हाचा धडा लागतो. आपलं पोर तोवर पावणेदोनला वरणभात जेवून मोकळं झालेलं असतं. एवढी पुण्याई गाठीशी असून हेच पोर मोठं झालं, नोकरीला लागलं आणि टाइमशीट भरायला बसलं, की दीड तासाच्या रकान्यात १.३० लिहितं.

दशांशात १.३० तास म्हणजे एक तास अठरा मिनिटं. दीड म्हणजे १.५०. मधली बारा मिनिटं कोणी चोरली नाहीत, ती टिंबात बुडाली. पंधरा माणसांनी दिवसातून फक्त एकदा असं लिहिलं, तर पाच दिवसांत बरोबर पंधरा तास बुडतात. क्लायंटला तासावर बिल लावणाऱ्या ऑफिसात हे पंधरा तास म्हणजे पैसे आहेत, आणि ते गेल्याची कुणाला खबरही नसते.

मग कोणीतरी हुशारी करून रकान्यांना वेळेचा फॉरमॅट देतं. आता १:३० लिहिलं की दीडच धरलं जातं, सगळे खूश. सोमवार ते शुक्रवार रोजचे आठ तास भरून खाली बेरीज मारली, की एक्सेल सांगतं १६:००. पाच आठे सोळा! एक्सेलची यात चूक नाही. त्याच्या लेखी चोवीस तास म्हणजे १. चाळीस तास म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर सोळा तास. दिवस पोटात ठेवून ते फक्त घड्याळ दाखवतं. उपाय सोपा आहे. फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन कस्टममध्ये ‘एच’ हे अक्षर चौकटी कंसात टाकायचं, की ४०:०० दिसतात. हे ऑफिसात एकाच माणसाला माहीत असतं आणि महिनाअखेरीला तो गावी गेलेला असतो.

इथे कोणीतरी म्हणतं, ‘‘त्यापेक्षा सॉफ्टवेअर घेऊ या ना एखादं.’’

घोडं पेंड खातं ते इथेच. सॉफ्टवेअर घ्यायचं, पण कशासाठी? अकाउंट्सवाल्याला क्लायंटचं बिल करायचंय. एचआरला हजेरी, खाडे आणि लेट मार्क हवेत. प्रोजेक्ट मॅनेजरला मागच्या कामाला खरंच किती तास लागले ते बघून पुढच्या कामाचा अंदाज द्यायचाय. आणि मालकाला कोण काय करतंय ते बघायचंय; फक्त तसं म्हणायची चोरी, म्हणून तोही ‘‘बिलिंगसाठी हो’’ असंच म्हणतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडला नाही, तर पुढचे तीन महिने भोगावा लागतो. कारण या चार गोष्टी चार वेगळ्या दुकानांत मिळतात. हजेरीच्या यंत्राला तुम्ही आलात कधी आणि गेलात कधी एवढंच कळतं. मधल्या वेळात कुणाचं काम केलंत ते कळत नाही. टाइम ट्रॅकिंगला काम कळतं, पण तुम्ही ऑफिसात होतात की गॅलरीत कपडे वाळत घालत होतात, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोन्ही एकात हवं म्हणणाऱ्याला दोन्ही अर्धवट मिळतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या दोन गोष्टींची गल्लत तशी जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न गावी विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास हजेरीचं घड्याळ बनवलं. प्रत्येक कामगाराला आपापल्या नंबरची किल्ली. ती घड्याळात फिरवली की वेळ छापली जायची. (किल्ली म्हटल्यावर ती दोस्ताकडे देऊन उशिरा येण्याची सोयही आलीच.) पुढे हा धंदा विलीनीकरण होत होत १९११ साली ज्या कंपनीत गेला, तिचंच नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं. म्हणजे संगणकाच्या घराण्यात मस्टर हे थोरलं भावंड आहे. त्याचा मान ठेवा, पण त्याच्याकडून बिलं करून घेऊ नका.

मालकाचा सुप्त हेतू जिंकला, तर दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं आणि माउस-कीबोर्डच्या हालचालीवरून टक्के देणारं सॉफ्टवेअर येतं. त्याबद्दल थोडक्यात सांगतो. छापील कागदावर स्पेसिफिकेशन वाचत, पेन्सिल चावत बसलेल्या माणसाला ते शून्य टक्के देतं. ऑप्टिकल माउस सेकंद काटा असलेल्या मनगटी घड्याळावर ठेवून चहाला गेलेल्या माणसाला मात्र ते भरघोस मार्क देतं, कारण खालून काटा सरकला की माउसच्या सेन्सरला आपणच सरकल्याचा भास होतो. (डिजिटल घड्याळ चालत नाही, काटाच लागतो.) तेव्हा या वाटेला जाऊ नये. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी निकाल दिला, की मालकांनी रोजचे कामाचे तास मोजणारी भरवशाची व्यवस्था ठेवलीच पाहिजे. तिथे तास मोजायचे ते कामगाराला जादा राबवून घेतलं जाऊ नये म्हणून. मोजमाप तेच, फक्त टेपचं दुसरं टोक वेगळ्या माणसाच्या हातात.

बरं, बिलिंग हे कारण एकमताने ठरलं असं धरू. टॉगल, क्लॉकिफाय, हार्वेस्ट अशी नावं फळ्यावर येतात. सगळ्यांची वेबसाइट बघून सगळीच चांगली वाटतात, आणि खरं सांगायचं तर टायमर चालू-बंद करणं सगळ्यांनाच जमतं. परीक्षा घ्यायची ती कडेकोपऱ्यातल्या गोष्टींची.

पहिला कोपरा राउंडिंगचा. समजा क्लायंटशी करार पंधरा मिनिटांच्या पटीत बिल लावण्याचा आहे. माणसाने दिवसात चार वेळा आठ-आठ मिनिटं त्याचं काम केलं. खरा वेळ बत्तीस मिनिटं. सॉफ्टवेअर प्रत्येक नोंद वरच्या पंधरावर नेत असेल, तर बिल होतं तासाचं. आधी बेरीज करून मग वर नेत असेल, तर पाऊण तासाचं. बेरीज करून जवळच्या पटीला नेत असेल, तर अर्ध्या तासाचं. बत्तीस मिनिटांची तीन बिलं, तिन्ही आपापल्या जागी बरोबर! हे करारात काय लिहिलंय ते आधी वाचायचं आणि मग सेटिंग्ज बघायचे. उलटं केलं की करार क्लायंट वाचून दाखवतो. सहा मिनिटांचं एकक घेतलं तर निदान दशांशाची कटकट मिटते. सहा मिनिटं म्हणजे ०.१ तास. वकीलमंडळी परदेशात असंच बिल लावतात, आणि पैशाच्या बाबतीत वकिलांनी निवडलेल्या एककावर मी शंका घेत नाही.

दुसरा कोपरा आपल्या साडेपाचांचा. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे सर्व्हरची तारीख जागतिक वेळेने चालत असेल तर ती आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. न्यूयॉर्कचा क्लायंट उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. त्याच्या सकाळसाठी आपला माणूस रात्री जागतो. आता ३० एप्रिलच्या रात्री अकराला सुरू झालेलं काम १ मेच्या दीड वाजता संपलं. अडीच तास. एप्रिलचे किती, मेचे किती? काही सॉफ्टवेअरं मध्यरात्री नोंद कापतात, काही सगळी सुरुवातीच्या तारखेला टाकतात. दोन्ही चालतं, फक्त कुठलं ते बिल पाठवायच्या आधी कळलेलं बरं. चाचणीत अशी एक मध्यरात्रीची नोंद मुद्दाम करून बघायची. त्याच बैठकीत आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, आणि ०४/०३ म्हणजे चार मार्च की तीन एप्रिल, हेही उरकून घ्यायचं.

चाचणीसाठी बहुतेक कंपन्या चौदा दिवस फुकट देतात, काही तीस. आपण उत्साहाने एक तारखेला सुरुवात करतो आणि चौदाला मुदत संपते. म्हणजे ज्या महिनाअखेरीसाठी ही सगळी यातायात, ती बघायलाच मिळत नाही. बावीस-तेवीस तारखेला सुरू करावं, म्हणजे एक खोटं बिल काढून बघता येतं. आणि सगळ्या टीमला कामाला लावू नये. तीन माणसं पुरतात: एक हौशी, एक कुरकुऱ्या आणि एक विसराळू. यातला विसराळू सर्वात मोलाचा. तो सहा पन्नासला टायमर लावून घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी नऊ दहाला येऊन बघतो, तर त्याच्या नावावर चौदा तास वीस मिनिटांची तपश्चर्या जमा. सॉफ्टवेअरने रात्रीत त्याला हटकलं का? संगणक निपचित पडल्यावर विचारलं का, की हा वेळ ठेवू की काढू? मोबाइलवरच्या अॅपने आठवण केली का, की अँड्रॉइडच्या बॅटरी सेव्हरने त्या अॅपलाच झोपवलं? हौशी माणसाकडून यातलं काही कळत नाही, तो टायमर बंद करून जातो.

पण सॉफ्टवेअर कितीही गुणी निघालं, तरी शेवटी मान कापली जाते ती कामांच्या यादीत. यादी करायला बसलं की प्रत्येकाला आपलं खातं हवं असतं. डिझाइन, डिझाइन दुरुस्ती, डिझाइन दुरुस्तीची चर्चा. बघता बघता चाळीस नावं होतात आणि सर्वात तळाशी, बिचारं, ‘इतर’ असतं. पहिल्या आठवड्यात माणसं प्रामाणिकपणे यादी खालीवर करतात. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कळतं, की ‘इतर’ला कोणी प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या रिपोर्टात ऑफिसचा सर्वात मोठा प्रोजेक्ट ‘इतर’ हा असतो. म्हणून यादी आठ-दहा नावांवर जाऊ देऊ नये, आणि एखाद्या नावावर महिनाभर कोणी बोट ठेवलं नाही तर ते काढून टाकावं. रोज आठ तास भरल्याशिवाय टाइमशीट सबमिट होऊ न देणारी सेटिंग असते, ती तर अजिबात लावू नये. ती लावली की शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सगळी टीम आठवडाभराचं स्मरणरंजन लिहायला बसते आणि पंधराच्या पंधरा जणांचे पाचही दिवस बरोबर आठ तासांचे निघतात. चहा नाही, मीटिंगची वाट बघणं नाही, लिफ्ट बंद नाही. साडेपाच-सहा तासांची खरी नोंद तिच्यापेक्षा शंभरपट उपयोगाची, पण ती दिसायला वाईट दिसते.

पैशांचं लवकर आटपतो. दर माणशी महिन्याला असतो. आठ डॉलर धरले तर पंधरा जणांचे महिन्याला १२०, वर्षाचे १,४४०. परदेशी कंपनी असेल आणि आपण जीएसटीत नोंदलेले असू, तर रिव्हर्स चार्जने १८ टक्के आपणच भरून मग क्रेडिट घ्यायचं. दर महिन्याला कार्डातून आपोआप पैसे जाण्याची व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांत कधी बसते, कधी अडखळते. वार्षिक भरलेलं बरं पडतं. दराच्या तक्त्यात मंजुरी देणं, जुनी नोंद कुलूपबंद करणं आणि कोणी कधी काय बदललं ते दिसणं या तीन गोष्टी कुठल्या रकान्यात आहेत ते बघावं. त्या बहुधा महागड्या रकान्यात असतात, आणि बिलाचा वाद झाला की नेमक्या त्याच लागतात. ‘किमाई’सारखं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर फुकट चालवता येतं. फुकट ते पौष्टिक, हे खरं. पण पीएचपी, डेटाबेस, अपडेट आणि बॅकअप सांभाळायला माणूस लागतो, आणि त्याचे तास कुठल्या नावावर टाकायचे ते यादीत नसतं. तो ‘इतर’मध्ये जातो.

आणखी एक. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं डिलीट करू नये, आर्काइव्ह करावं, म्हणजे नोंदी ठेवून नुसतं बंद करावं. डिलीट केल्यावर त्याच्या जुन्या नोंदींचं काय होतं हे चाचणीतच बघून ठेवावं, त्याने राजीनामा दिल्यावर नव्हे.

एवढं सगळं पार पडलं, की पहिला महिना संपतो आणि अकाउंट्समधले काका सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उतरवून घेतात. त्यांनी सरळ डबल क्लिक केलं, तर माणसांची देवनागरी नावं चिन्हांच्या खिचडीसारखी दिसतात. एक्सेलच्या डेटा मेनूतून फाइल आत घेताना यूटीएफ-८ (देवनागरीही ओळखणारी अक्षरांची संकेतपद्धत) निवडायचं असतं, हे सांगितलं की नावं माणसात येतात. काका चष्मा सावरतात, एकाचे सोमवार ते शुक्रवारचे पाच रकाने निवडतात, सगळीकडे ८:०० आहेत याची खात्री करतात आणि खाली बेरीज मारतात.

१६:००.