‘दा’चा ‘का’

पाणीकपात असली तरी आदल्या दिवशी पेपरात येतं. रस्ता एकेरी करायचा असला तरी हरकती-सूचना मागवतात, मग त्या कोणी वाचो न वाचो. पण पुण्यात दादाचा काका होतो तेव्हा कोणी कळवत नाही. काल संध्याकाळपर्यंत ‘बोला दादा’ म्हणणारा मंडईतला भाजीवाला आज सकाळी ‘काका, कोथिंबीर देऊ का?’ म्हणतो, आणि आपण दहा रुपयांच्या जुडीबरोबर एक अख्खी पिढी पुढे सरकून घरी येतो.

एकदा सुरू झालं की मग थांबत नाही. बसमध्ये कंडक्टर ‘पुढे सरका, काका’ म्हणतो. यमक जुळतं म्हणून म्हणत असेल, अशी मी काही दिवस स्वतःची समजूत घातली. पण माझ्या शेजारच्या तरुणाला त्याने यमकाविना सरकवलं. कर्वे रस्त्यावर एक मुलगी, तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे, उलट्या बाजूने स्कूटर घालते आणि वर मलाच ‘ओ काका, बघून चालवा की!’ असं सुनावते. ‘बघून चालवा’चं मला काही वाटत नाही. पुण्यात राहायचं तर तेवढं चालायचंच.

बायकोला एका दुकानदाराने ‘काकू’ म्हटलं होतं. त्या दुकानात आमच्या घरचं माणूस पुन्हा गेलेलं नाही. तुळशीबागेतले लोक त्या मानाने शहाणे. तिथे नातवंडं कडेवर असलेल्या बाईलाही ‘या ताई’ म्हणतात, आणि म्हणूनच तिथे चालायला जागा नसते.

दुखावलेला पुणेकर दोनच गोष्टी करतो: पाटी लावतो किंवा संदर्भ काढतो. पाटी गळ्यात घालून फिरणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी संदर्भ काढायला बसलो. जगात कुठेतरी या शब्दाचा बरा अर्थ असेलच, तो हुडकायचा आणि पुढच्या ‘ओ काका’च्या वेळी मनातल्या मनात तोच लावायचा, असा बेत होता.

संस्कृतात पहिल्याच फटक्याला कावळा निघाला. काकदृष्टी, काकबळी, काकस्पर्श. शब्द पुढे पुढे जातात तसे ओंकारेश्वराच्या घाटाकडेच निघाल्यासारखे वाटतात. एक मात्र सुखाचा निघाला. विश्वामित्राबरोबर निघालेला कोवळा राम रामायणात ‘काकपक्षधर’ आहे, म्हणजे कानशिलांवर केसांच्या बटा असलेला. माझेही केस आता तेवढ्याच भागात उरलेत. त्याच पानावर ‘काकदंत’ भेटला: कावळ्याचे दात. ते शोधत बसणं म्हणजे व्यर्थ उद्योग. मी तिथून उठलो.

तसा नात्यातल्या काकाचा त्या पक्ष्याशी संबंध दिसत नाही. तो बाळबोलीतला गडी. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली एक निबंधच लिहिला, की मामा-पापा असले शब्द देशोदेशी सारखे का. मुलाला ओठांनी म, प, ब लवकर जमतात आणि आईबाप ते आपल्यालाच म्हटलंय असं धरून चालतात. ‘क’ला जिभेचं मागचं टोक उचलावं लागतं, तो सहसा मागाहून येतो. म्हणजे रांगेत काका तिथेही मागेच. शिवाय आपला ‘चुलता’ निघाला तो ‘क्षुल्लतात’ या शब्दापासून. क्षुल्ल म्हणजे लहान, तात म्हणजे बाप. धाकटा बाप असा सरळ अर्थ आहे, पण ‘क्षुल्लक’ मधला क्षुल्ल तोच हे एकदा कळलं की जेवण जात नाही.

काही लोक यावर तोडगा म्हणून ‘अंकल’ म्हणवून घेतात. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत हा प्रकार फार. त्यांना वाटतं, अंकल म्हटलं की वय निम्मं होतं. मूळ लॅटिन शब्द ‘अवुंकुलुस’, आणि तो ‘अवुस’ म्हणजे आजोबा याचं लाडकं रूप. अंकल म्हणजे छोटे आजोबा! त्यातून रोमन लोक तो फक्त आईच्या भावाला वापरत. म्हणजे मामा. आणि पुण्यात मामा कुठे उभा असतो, हे हेल्मेट न घालणाऱ्या कोणालाही विचारा.

वडिलांच्या भावाला रोमन लोक ‘पात्रुउस’ म्हणत, आणि या पात्रुउसची ख्याती अशी, की तो सारखा उपदेश करतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या होरेस कवीच्या एका ओळीत एक जण दुसऱ्याला म्हणतो, ‘माझा काका होऊ नकोस.’ म्हणजे शिकवू नकोस! तेव्हापासून मला रोमन साम्राज्याबद्दल आपुलकी वाटते. तिथेही दुपारी एक ते चार कोणाची तरी झोप मोडत असणार.

बाकीच्या युरोपात मात्र जायची सोय नाही. स्पॅनिशमध्ये, इटालियनमध्ये, अगदी फिनलंडपर्यंत लहान मुलं ‘काका’, ‘काक्का’ म्हणतात ते आपण ज्याला ‘शी’ म्हणतो त्याला. ब्राझीलच्या त्या फुटबॉलपटूचं मला म्हणूनच कौतुक. नाव रिकार्डो, धाकट्या भावाला ते म्हणता येईना, म्हणून झाला ‘काका’. हे नाव पाठीवर घेऊन तो नेमका इटलीत, मिलानला खेळला, आणि २००७ मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पंचविशीत काका होऊनही माणसाचं काही अडत नाही, याचा हा एकमेव पुरावा मी पाकिटात ठेवतो.

पूर्वेकडे वळलो तसा जीव सुखावू लागला. पंजाबीत काका म्हणजे चक्क लहान मुलगा. राजेश खन्नांना सगळी चित्रपटसृष्टी काका म्हणायची ती या अर्थाने. आम्ही उगीच त्यांना वयस्कर समजत होतो. कुर्दी भाषेत काका म्हणजे थोरला भाऊ. मलायात ‘काकाक’ म्हणजे थोरलं भावंड. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ. इराकच्या डोंगरापासून जावा बेटापर्यंत आणि तिकडे झांझिबारपर्यंत ज्याला काका म्हणतात, त्याला आपण सरळ दादा म्हणतो! मी हे घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “मग कोथिंबीर झांझिबारहून आणत जा.”

खरी अडचण तीच आहे. दादा आणि काका यांच्यातलं अंतर बाहेर कुठे नसेल, पुण्यात आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. रघुनाथराव पेशव्यांना लोक राघोबादादा म्हणत. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्या या दादांच्या मोहिमेत. मग ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारदी मागे लागलेला पुतण्या ‘काका, मला वाचवा’ म्हणत त्यांच्याकडे धावला, असं सांगतात. अडीचशे वर्षं झाली. अटक आता शाळेच्या पुस्तकापुरती उरली, आणि ती हाक अजून अमावस्येला वाड्यात ऐकू येते म्हणे. आयुष्यभर दादा म्हणून मिरवलेल्या माणसाला एका हाकेने कायमचा काका करून टाकलं. ‘ध’चा ‘मा’ करायला आनंदीबाईंना निदान दौत-लेखणी लागली, अशी आख्यायिका आहे. ‘दा’चा ‘का’ करायला नुसतं तोंड पुरतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात टांझानियाहून शिकायला आलेला एक मुलगा येतो. मराठी चांगलं बोलतो, निदान क्रीमरोल मागण्यापुरतं तरी उत्तम. परवा त्याने मला हाक मारली, “काका, शंभरचे सुट्टे आहेत का?”

मी एकदम ताठ बसलो. सुट्टे दिले आणि विचारलं, “हे काका स्वाहिलीतलं ना? भाऊ?”

त्याने माझ्या कानशिलांवरच्या काकपक्षाकडे अदबीने पाहिलं. “नाही, नाही. मराठीतलं. स्वाहिलीत तुम्हाला मी काका नाही म्हणणार. बाबू म्हणेन.”

बाबू! इतक्या लाडाने मला आई गेल्यापासून कोणी हाक मारली नव्हती. मी त्याच्या चहाचे पैसे दिले, वर एक क्रीमरोल घ्यायला लावला आणि शीळ घालत घरी येऊन कोश उघडला.

स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा.