झाकण लावलंस का?

कॉर्न स्नेक पाळलाय असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "विषारी आहे का?" दुसरा, "चावतो का?" दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. विष अजिबात नाही, आणि हाताळायची सवय झालेला कॉर्न स्नेक सहसा चावायच्या भानगडीत पडत नाही. घाम फुटावा असा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारतच नाही : "आत्ता कुठे आहे?"

मूळचा हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. नारिंगी अंगावर काळ्या काठाचे तांबडे ठिपके, असा ठेवणीतला पोशाख. स्वभावाने इतका गरीब की पहिलाच साप पाळणार असाल तर हाच घ्या, असं जाणकार सांगतात. एक गोष्ट मात्र ते जाता जाता, हळूच सांगतात : "जरा पळतो हं." घरमालक "पाणी जरा कमी येतं" हे ज्या आवाजात सांगतो, तोच आवाज.

पिल्लू अंड्यातून निघतं ते 20 ते 30 सेंटिमीटरचं आणि जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीचं. फटीतून डोकं बाहेर गेलं की उरलेला साप बाहेर जाणं हा नुसता वेळेचा प्रश्न, आणि सापाकडे वेळ भरपूर असतो. त्याला नोकरी नाही, फोन नाही, भेटीगाठी नाहीत. बोट दिलं तर हात धरणारी माणसं परवडली. हा फट दिली तर घरच सोडतो.

आमचा गुंड्या संध्याकाळी जागा होतो आणि आपल्या काचेच्या पेटीत फेरी सुरू करतो. एकदा खुर्ची ओढून बसलं की बघण्यासारखं असतं. सरकत्या काचेच्या खाचेला नाक लावून तो पुढे पुढे जातो, जीभ आतबाहेर. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे बारीक फट राहते, आणि तिथे मी फोमची पट्टी ठासून बसवली आहे. पट्टी संपते त्या जागी तो थांबतो. नाकाने दाबून बघतो. मग मान वर करून पुन्हा दाबतो, जरा तिरकं. आज काही हलत नाही म्हटल्यावर पुढच्या कोपऱ्याकडे वळतो. चेहऱ्यावर निराशा नाही. उद्या पुन्हा येणार.

वर जाळीचं झाकण असेल तर बहुतेक जण त्यावर काहीतरी वजनदार ठेवतात. आमच्या काकांनी जाडजूड शब्दकोश सुचवला होता. पण साप म्हणजे नखशिखान्त स्नायू (नखं नाहीत, तरी). तो अंगाचा रेटा देऊन एकच कोपरा उचलतो, शब्दकोश बाकीचे तीन कोपरे सांभाळत बसतो. तेव्हा वजन नव्हे, चारही बाजूंना चाप हवेत आणि सरकत्या काचेला शोकेसचं कुलूप. थर्मोस्टॅटच्या (ऊब ठरल्या अंशावर रोखणाऱ्या यंत्राच्या) तारेसाठी पाडलेलं भोकही विसरायचं नाही. आणि जगातल्या सगळ्या फटींवर आपला जो एकमेव उपाय असतो, चिकटपट्टी, ती आतल्या बाजूला कधीही लावायची नाही. साप तिला चिकटला तर सोडवताना खवले निघतात.

पूर्ण वाढीचा कॉर्न स्नेक साधारण 3 ते 5 फुटांचा. त्याला आडवं पसरता यावं म्हणून 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच असं घर बरं. माप ऐकून आई म्हणाली, "तुला बारावीपर्यंत स्वतंत्र टेबल नव्हतं." घराच्या एका टोकाला ऊन खायची जागा 29 ते 32 अंश सेल्सिअस, दुसरं टोक 22 ते 25 च्या आसपास, ज्या वेळी जे हवं तिकडे साहेब सरकणार. खालून ऊब देणारी चटई थर्मोस्टॅटशिवाय लावली तर ती सापाला भाजून काढते आणि साप वेळेवर उठतोच असं नाही. त्यामुळे अंश मोजणारा काटा मी येताजाता बघतो. माझा स्वतःचा ताप मी इतक्या वेळा कधी बघितलेला नाही.

लपायच्या जागाही दोन, दोन्ही टोकांना एकेक, आणि अंगाला चहूबाजूंनी टेकतील इतक्या अरुंद. आपण ज्याला कोंदट म्हणतो ते त्याला घरपण वाटतं. हे नसेल तर तो रात्रभर जाळीवर नाक घासून सोलून घेतो.

"एकटा आहे बिचारा, एखादी मैत्रीण आणा," असं मावशी म्हणाल्या. मी सांगितलं, कॉर्न स्नेक एकत्र ठेवत नाहीत, एखादा दुसऱ्याला गिळूनही टाकतो. मावशींनी काकांकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "मग राहू दे."

फ्रीजरमधल्या गोठवलेल्या उंदरांच्या डब्याविषयी मी इथे काही बोलणार नाही. घरीही बोलत नाही.

पण खरा छळ होतो तो जेवणानंतर. गुंड्या उंदीर गिळतो आणि नाहीसा होतो. खाली अंथरलेला ॲस्पेनच्या लाकडाचा कीस (सीडर आणि पाइनचा चालत नाही, त्यातली तेलं सापाला बाधतात) हा त्याचा आवडता भूमिगत महामार्ग. म्हणजे तो पुरलाय की पळालाय हे कळायला कीस उकरावा लागणार. आणि जेवलेल्या सापाला 48 तास हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकतो. झालं! ज्या दोन दिवसांत तो दिसत नाही, नेमके तेच दोन दिवस शोधायला बंदी. मी विजेरी घेऊन काचेभोवती प्रदक्षिणा घालतो. धीर सुटला की दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबतो, उंबऱ्यावर पिठाची रेघ ओढतो (सरपटत गेला तर माग राहतो), आणि फ्रीजच्या मागे, सोफ्याच्या पोटात, बुटांत बघून येतो, कारण सुटलेला साप ऊबदार, अंधाऱ्या सांदीत शिरतो. पिठावर पहिला माग उमटतो तो आईच्या चपलेचा. मग त्यावर वेगळी चर्चा होते.

तेवढ्यात किसातून बोटभर डोकं वर येतं. तो जागा आहे की झोपेत, सांगता येत नाही. डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा मी. त्याला पापण्याच नाहीत, तो उघड्या डोळ्यांनी निवांत झोपतो.

परवा आईने विचारलं, "हे जगतात तरी किती?" म्हटलं, नीट ठेवलं तर 15 ते 20 वर्षं, कधी त्याहूनही जास्त. आईने मनातल्या मनात माझं वय मिळवून बघितलं.

"मग कुलपाची दुसरी किल्ली करून घे," ती म्हणाली. "तू वस्तू हरवतोस."