टॅग पुसा, मागे घ्या, पुन्हा पुढे या

गेल्या रविवारी 120 रुपयांच्या रस्त्यासाठी मी 360 रुपये मोजले. शिवाय 20 रुपयांची काकडी खाल्ली, आणि या साऱ्या व्यवहारात पूर्ण वसूल झाली ती फक्त काकडी. राग अजून पुरता उतरलेला नाही, तरीही त्या टोलनाक्याचे नाव मी सांगणार नाही. परतीचा रस्ता तोच आहे.

रांगेत आमच्यापुढच्या सात गाड्यांना पाहताच दांडा आपोआप वर गेला होता. आमची गाडी आली आणि तो जागचा हलला नाही. समोरच्या फलकावर लाल अक्षरे उमटली, केबिनमधल्या तरुणाने हाताने ‘मागे घ्या’ अशी खूण केली, आणि मागे उसाचा ट्रक असल्यामुळे मी जेमतेम वीतभर मागे घेतली. मग पुढे. मग टॅग पुसा. मग पुन्हा मागे. तो तरुण हातातले छोटे यंत्र घेऊन बाहेर आला आणि काचेजवळ धरून त्याने ते तीनदा दाबले. गाडी सुरू ठेवू की बंद करू, हे विचारण्याचेही धैर्य मला उरले नव्हते.

फास्टॅगच्या पोटात बॅटरी नसते, हे पुष्कळांना माहीत नसते. नाक्यावरच्या अँटेनातून येणाऱ्या रेडिओलहरींतून त्याला घोटभर ऊर्जा मिळते आणि तेवढ्या बळावर तो आपला क्रमांक सांगतो. पैसे त्याच्यात नसतात, ते बँकेत असतात; कोणता टॅग चालू आणि कोणता बंद, याची यादी नाक्यापर्यंत वेगळ्या वाटेने येते. म्हणजे विचारल्याशिवाय बोलायचे नाही, बोललेच तर फक्त क्रमांक सांगायचा आणि पैशाचे विचारले की दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवायचे, असा हा कागद आहे. सरकारी कचेरीत तीस वर्षे काढलेला माणूस काचेवर चिकटवला तर याहून वेगळे काय होईल?

एवढ्यात डोक्यावर टोपली आणि खांद्यावर ओला पंचा अशा बेताने काकडीवाले मामा आले. त्यांनी आधी गाडीकडे पाहिले, मग टॅगकडे पाहिले आणि नाडी न पाहताच निदान केले.

“साहेब, टॅग तापलाय.”

“तापलाय म्हणजे?”

“बारानंतर काच तापती. काच तापली की टॅग तापतो. तापला की बोलत नाही. काकडी लावू?”

मीठ-तिखट लावू का, असे ते विचारत असावेत या समजुतीने मी “लावा” म्हणालो. त्यांनी सुरीने एक गोल चकती कापली आणि ब्यूटी पार्लरमध्ये डोळ्यांवर ठेवतात तशी ती बाहेरून, टॅगच्या बरोबर समोर, माझ्या काचेवर थापली. केबिनमधल्या तरुणाला यात काहीही वावगे दिसले नाही. त्याने यंत्र काकडीवर रोखून पुन्हा दाबले. हा उपचार तिथे रुजलेला असावा, अशी शंका मला त्याच्या चेहऱ्यावरून आली.

“थांबा, मुरू द्या जरा,” मामा म्हणाले आणि टोपली आमच्या बॉनेटवर टेकवून बोलू लागले. मागचा ट्रक भोंगा वाजवत होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाही वळून पाहिले नाही. 2021 च्या आधी, म्हणजे फास्टॅगची सक्ती नव्हती तेव्हा, ते रोज तीन टोपल्या विकत असत. गाडी दहा मिनिटे थांबायची, मुले रडायची, काकडी खपायची. त्या फेब्रुवारीत सक्ती आली आणि तीन टोपल्यांची एक झाली. “मग म्हटलं, संपलं आपलं. पण देवाची दया, मशीन अधनंमधनं आजारी पडतं.” आता तर म्हणे दांडाच राहणार नाही, वरचे कॅमेरे पळत्या गाडीची नंबरप्लेट वाचतील आणि पैसे कापतील, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि तिने त्यांची झोप उडवली होती. “पळत्या गाडीला मी काकडी कशी देऊ, तुम्हीच सांगा.” देशाच्या पायाभूत सुविधांच्या आधुनिकीकरणावर मी बरेच अग्रलेख वाचले आहेत, परंतु या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग त्यांनी आवाज खाली आणला. “झीरोची पावती मागा. टॅग चालू, पैसे आहेत आणि त्यांच्या मशीननं वाचलं नाही, तर फुकट सोडायचं. नियम आहे 2018 चा.”

नियम खरोखरच आहे. मी उसने बळ आणून तो त्या तरुणाला सांगितला.

“साहेब, ते मशीन बंद असेल तर. आमचं चालू आहे.”

“मग टॅग वाचत का नाही?”

“वाचतंय की. इनव्हॅलिड म्हणून वाचतंय.”

मी मोबाइल पुढे केला. खात्यात 640 रुपये शिल्लक होते आणि खाली हिरव्या अक्षरांत टॅग चालू असल्याचे लिहिले होते.

“ते तुमच्या बँकेत चालू असेल. इथं बंद आहे.”

तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर मला भांडता तरी आले असते. एकाच रस्त्यावर, एकाच काचेवर, एकाच वेळी टॅग चालूही असतो आणि बंदही असतो, हे तो एखाद्या वेदान्त्याच्या शांतपणे सांगत होता. बायको म्हणाली, “द्या आणि चला.”

द्यायचे म्हणजे किती, याचेही शास्त्र आहे. 15 नोव्हेंबर 2025 पासून टॅग चालत नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट, असा नियम झाला आहे. म्हणजे 240 किंवा 150. मी अर्थातच आधुनिक मार्ग निवडला. केबिनच्या काचेवरचा कोड स्कॅन केला आणि पडद्यावरचे चाक गरगरत राहिले. “नेटवर्क नाही साहेब, रोख द्या.” याच वेळी माझ्या डाव्या कानाशी, टोपलीच्या काठाला रबरबँडने बांधलेल्या डबीतून, खणखणीत बाईचा आवाज आला: “वीस रुपये प्राप्त झाले!” पलीकडच्या खिडकीतून बायकोने काकडीचे पैसे दिले होते. मामांच्या कोडवर तिखटाचा बोटभर थर बसलेला होता. तरी तो पहिल्या झटक्यात वाचला गेला. टॉवर एकच होता, ऊनही तेच होते.

मी 240 रुपये रोख दिले.

टोलला माझा विरोध नाही, हे मी शांतपणे सांगू इच्छितो, जरी ते जमेल याची खात्री नाही. रस्ते पैशांनीच होतात. पण गाडी घेताना मी एकरकमी कर भरला आहे. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे रस्त्यांसाठीचा उपकर देतो. त्याची सोय 2000 सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने झाली आणि 2018 मध्ये त्या निधीच्या नावात पायाभूत सुविधाही दाखल झाल्या. त्यावर टोल. हेही मान्य, परंतु तिसऱ्यांदा देताना घेणाऱ्याने निदान चटकन घ्यावे, एवढी अपेक्षा गैर आहे काय? आमचे मेहुणे या वादात पडत नाहीत. 3000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालणारा पास 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला, त्याच आठवड्यात त्यांनी तो काढला आणि आता ते विनाकारण प्रवास करतात. अर्थात तो पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही, हे त्यांना तिथल्या नाक्यावर पोहोचल्यावर कळले. त्या दिवशी मी त्यांना फोन करून खूप सहानुभूती दाखवली होती. तेच आता मला भोवले असावे.

कोल्हापूरकरांचा मला नेहमी हेवा वाटतो. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या तत्त्वावर शहरातले रस्ते झाले आणि त्यांच्यावर टोल बसला, तेव्हा एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली आणि शेवटी सरकारला तो टोल बंद करावा लागला. मुंबईत 55 उड्डाणपुलांच्या नावाने पाच नाक्यांवर मोजत आलेल्या छोट्या गाड्यांना 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, एकदाची माफी मिळाली. आंदोलन तरी हवे किंवा निवडणूक तरी. मागे उसाचा ट्रक आणि शेजारी बायको असलेल्या एकट्या माणसाला यांपैकी काहीच उभे करता येत नाही.

आणि नाणेघाट! जुन्नरजवळच्या त्या घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे. सातवाहनांच्या काळात व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, असे मानतात. टाकले नाणे की पुढे. त्या रांजणाने कुणाला ‘मागे घ्या’ म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि नाणे तुमच्याकडे चालते पण इथे चालत नाही, असे त्याने सांगितले असते तर नाणेघाटाला आज वेगळे नाव असते. दोन हजार वर्षे झाली, तो अजून जागेवर आहे.

दांडा वर गेला. मामांनी निरोपाचा हात केला आणि ते उसाच्या ट्रककडे वळले. त्याचाही टॅग तापला असावा. काचेवरची चकती काढायची कुणालाच आठवण राहिली नाही. तीन-चार किलोमीटर गेलो असू, तेवढ्यात मोबाइल वाजला. बायकोने मोठ्याने वाचले: फास्टॅगमधून टोलचे 120 रुपये वजा झाले आहेत, शिल्लक 520 रुपये.

मी गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी बराच वेळ समोर, म्हणजे काकडीकडे, पाहत राहिलो.

“म्हणजे,” बायको म्हणाली, “मुरायला तेवढा वेळ लागला.”