टेन्शनवाल्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर, जरा लांबलंय

ताई, तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. "चिंतेला ताकद म्हणणं म्हणजे आजारी माणसाची थट्टा, माझी बहीण अजनी पुलावर स्कूटी बाजूला लावून रडते, तिला सांगू का हे?" सकाळी परत वाचली तर अर्धी बरोबर वाटली. 'टेन्शन हीच माझी ताकद' हे हेडिंग मी जरा जास्तच फेकलं, मान्य.

पण उरलेल्या अर्ध्यासाठी भांडणार. मी लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना तीनशे पानांचं श्रीखंड सांभाळायचं म्हणजे झोप कुठली यायला. आधी नुसती कूस बदलत पडायची, घरचे म्हणायचे "होते सगळं बरोबर, काहून टेन्शन घेऊन राहिली", आणि त्याने उलट जास्तच धडधडायचं. आता सरळ उठते नि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिते, बर्फ कोण आणणार, वरात दोन तास उशिरा आली तर काय, जनरेटरमध्ये डिझेल किती. मागच्या उन्हाळ्यात त्या डिझेलच्या ओळीनेच वाचवलं. लॉनवाला छातीठोकपणे "फुल आहे मॅडम" म्हणाला, मी काडी घालून पाहिली तर जेमतेम दोन बोटं ओली.

हे माझ्याच डोक्यातलं खूळ नाही बरं का. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये यावर अभ्यास केला, नाव दिलं डिफेन्सिव्ह पेसिमिझम. असा आधीच वाईटाचा विचार करून तयारी करणाऱ्यांना 'तुमचं छानच होणार' म्हणून धीर दिला, तर त्यांचं काम उलट बिघडलं! घरच्यांना दाखवलं, कोणी मानलं नाही ते सोडा.

आता बहिणीचं. माझ्या भीतीला टाकी होती, झाकण उघडून बघता आलं. तिला भर रस्त्यात कारण नसताना धाप लागत असेल, तर तिथे माझं कॅलेंडर काही कामाचं नाही, आणि हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, माझंच चुकलं. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत दाखवा ना. ती जायला तयार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः आधी लावून पाहिलात तरी चालतं.

हेडिंग आजच बदलते, काही बरं सुचलं तर सांगा. निघते आता, गुरुवारची ऑर्डर आहे नि दहीवाला फोन उचलून नाही राहिला.