जुन्या नकाशांची दुसरी बाजू

संशोधन ग्रंथालयांचा खर्च आणि जागा हा विषय निघाला की एक म्हणणं हमखास पुढे येतं. ते इतक्या वेळा इकडून तिकडे पाठवलं गेलंय की अनेकांना ते आता सिद्ध झाल्यासारखं वाटतं. थोडक्यात ते असं: जुने नकाशे अज्ञानातून काढलेले, माहिती नसेल तिथे ड्रॅगन आणि राक्षस. ते चुकीचे, म्हणून आज निरुपयोगी. ॲटलास तर छापील पुस्तकंच, जगात कुठेतरी एक प्रत असली म्हणजे पुरे. शिवाय आता सगळं स्कॅन झालंय. तेव्हा कपाटं रिकामी करा आणि जागा मोकळी करा.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पण त्यावर विसंबून एकदा नकाशे काढून टाकले की तो निर्णय मागे घेता येत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ड्रॅगनचा मुद्दा लवकर आटोपतो. ‘इथे ड्रॅगन आहेत’ हे लॅटिन वाक्य प्रसिद्ध झालं ते साधारण १५१० च्या एका छोट्या तांब्याच्या पृथ्वीगोलावरून. जेमतेम ११ सेंटिमीटर व्यासाचा हा गोल न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. जुन्या नकाशांवर हे वाक्य सर्रास लिहिलेलं असे, हा समज नंतरचा. समुद्रातले विचित्र प्राणी मात्र खरोखर काढले जात, ते नाकारण्याचं कारण नाही. पण ज्या फ्लेमिश नकाशाकार ऑर्टेलियसच्या आइसलँडच्या नकाशाभोवती असे प्राणी पोहताना दिसतात, त्यानेच १५७० मध्ये अँटवर्पला काढलेल्या ॲटलासमध्ये आपण ज्यांच्या कामाचा आधार घेतला अशा ८७ जणांची यादी छापली होती. १५१३ चा ऑटोमन दर्यावर्दी पिरी रेइसचा नकाशा घ्या. आपण सुमारे वीस जुन्या नकाशांवरून हे काम केलं आणि त्यात एक कोलंबसचा होता, असं त्याने नकाशावरच लिहून ठेवलंय. अज्ञान झाकायला निघालेला माणूस आपले आधार असे उघड करत नाही.

याच ओघात मर्केटर या नकाशाकारावर युरोप मोठा दाखवण्यासाठी मुद्दाम फसवणूक केल्याचा आरोप होतो. १५६९ च्या त्याच्या नकाशाच्या नावातच ‘नाविकांच्या वापरासाठी’ असं म्हटलंय. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज हाकलं तर तो मार्ग कागदावर सरळ रेषेत यावा, यासाठी त्याने ध्रुवांकडचं अंतर ताणलं. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. पुढे तोच नकाशा शाळांच्या भिंतींवर लागला, हे दुर्दैव खरं. पण त्याचा दोष तो नकाशा तिथे लावणाऱ्यांचा.

आता महत्त्वाचा मुद्दा: चुकीचा म्हणून निरुपयोगी.

कॅलिफोर्निया हे बेट आहे असं सतराव्या शतकातले अनेक नकाशे सांगतात. ही समजूत इतकी चिवट होती की १७४७ मध्ये स्पेनच्या राजाला ते बेट नसल्याचं फर्मान काढावं लागलं. पश्चिम आफ्रिकेत आडवी पसरलेली ‘काँग पर्वतरांग’ १७९८ मध्ये नकाशावर आणली जेम्स रेनेलने. हा कुणी हौशी चित्रकार नव्हता. बंगालची मोजणी करणारा, अत्यंत काटेकोर माणूस होता तो. नायजर नदी पूर्वेकडे वाहत जाऊन खंडाच्या आत संपते, अशी त्याची धारणा होती. मग ती दक्षिणेकडे समुद्राला का मिळत नाही? मध्ये डोंगर असणार, म्हणून. शेवटी १८८९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी बँजे त्या भागातून जाऊन आला आणि असे डोंगरच नाहीत हे त्याने सांगितलं. पण तोवर नव्वद वर्षं एका नकाशावरून दुसऱ्यावर ती रांग उतरवली जात होती. कुणी कुणाची नक्कल केली, कुणाला शंका आली, कुणी ती रांग गुपचूप आखूड केली, हे शोधायचं असेल तर असे चुकीचे नकाशेच ओळीने मांडून बसावं लागतं. बरोबर नकाशे सगळे एकमेकांसारखे असतात. चुकीमुळे मात्र कुणाची माहिती कुठून आली, याचा माग लागतो.

आणि चुकीच्या नकाशाला कायद्यातही वजन असू शकतं. कंबोडिया आणि थायलंडच्या सीमेवरच्या प्रेआ विहिअर मंदिराचा खटला पाहा. तेव्हा कंबोडियावर राज्य करणारा फ्रान्स आणि सियाम (थायलंडचं जुनं नाव) यांच्या १९०४ च्या करारात सीमा पाणलोटाच्या रेषेवरून, म्हणजे डोंगरावरचं पाणी दोन बाजूंना विभागतं त्या रेषेवरून, जावी असं ठरलं होतं. १९०७ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला आलं. ही रेषा पाणलोटाशी जुळत नाही, असा थायलंडचा दावा होता. तरी १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाचं ठरवलं, कारण सियामने तो नकाशा हरकत न घेता स्वीकारला होता आणि वर आणखी प्रती मागवल्या होत्या. नकाशा बरोबर होता का, यापेक्षा तो कुणाकडे पोहोचला आणि त्यांनी त्याचं काय केलं, यावर निकाल फिरला. चुकीचे नकाशे टाकून द्यावेत असं म्हणणाऱ्याने या निकालाचा विचार करावा.

मला स्वतःला सगळ्यात भिडलेलं उदाहरण समुद्रातलं आहे. १७७० च्या दशकात जॉर्ज गॉल्ड नावाच्या मोजणीदाराने ब्रिटिश नौदलासाठी फ्लोरिडाच्या टोकाजवळच्या बेटांचे सागरी नकाशे केले. जहाजं आपटून फुटू नयेत म्हणून पाण्याखाली प्रवाळ कुठे आहे, याच्या खुणा त्याने करून ठेवल्या. २०१७ मध्ये संशोधकांनी त्या खुणा आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्याने दाखवलेल्या प्रवाळापैकी निम्म्याहून जास्त नाहीसं झालेलं आढळलं. किनाऱ्यालगतचं तर जवळजवळ सगळंच गेलंय. प्रवाळाचा शास्त्रीय अभ्यास सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही साक्ष आहे, आणि ती देणाऱ्याला प्रवाळाशी काही घेणंदेणं नव्हतं.

तिसरा मुद्दा, एक प्रत पुरे. १५०७ चा जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरचा बारा सुट्या कागदांचा जगाचा नकाशा, ज्यावर ‘अमेरिका’ हे नाव पहिल्यांदा आलं, त्याच्या सुमारे १००० प्रती छापल्या असं मानलं जातं. आज उरलीय एक. तीही १९०१ मध्ये जर्मनीतल्या एका किल्ल्यात सापडली, कारण कुणीतरी ते कागद भिंतीवर न लावता बाडात बांधून ठेवली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती २००३ मध्ये १ कोटी डॉलरला घेतली. छापील वस्तू मुबलक असतात, असं गृहीत धरणाऱ्यांनी हे गणित पाहावं. एका प्रतीचा भरवसा चोरीपुढेही टिकत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका नकाशाविक्रेत्याचं कागद कापायचं पातं जमिनीवर पडलेलं सापडलं आणि तो पकडला गेला. पुढे त्याने वेगवेगळ्या संग्रहांतून ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली.

शिवाय दोन प्रती सारख्या नसतातच. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला नकाशा वर्षानुवर्षं छापला जाई. मध्येच पत्रा ठोकून सपाट करून एखादं नाव बदललं जाई, किनारा सुधारला जाई. रंग हाताने भरत, आणि ते काम करणारे वेगळे असत. ऑर्टेलियसने स्वतः सुरुवात नकाशे रंगवण्यापासूनच केली. त्याच्या ॲटलासमधलं सुटं पान हातात आलं तर ते कुठल्या आवृत्तीतलं हे ठरवायला जाणकार आधी पान उलटतात, कारण मागच्या बाजूला छापलेल्या मजकुराची भाषा आणि ओळींची रचना आवृत्तीनुसार बदलत गेली.

पान उलटण्यावरून आपण स्कॅनपाशी येतो. प्रवाळाचा अभ्यास स्कॅनवरूनही झाला असता, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. स्कॅन हे वरदान आहे आणि ज्यांनी हजारो नकाशे सगळ्यांना मोकळे करून दिले त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण ‘सगळं स्कॅन झालंय’ हे वाक्य मुळात खरं नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्येच ५० लाखांहून जास्त नकाशे आहेत, आणि पडद्यावर पाहता येतात ते त्यातले थोडे. जे आहे तेही कायम हाताशी राहील असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा महिनोन्महिने बंद राहिल्या.

त्याहून मोठी अडचण म्हणजे स्कॅन बहुतेक वेळा फक्त पुढची बाजू दाखवतो. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग कागद हळूहळू खातो आणि मागे तपकिरी डाग उमटतो. रंग जुना की कालपरवा भरलेला, हे ओळखण्याची ती एक खूण. कागदातलं जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पान उजेडासमोर धरल्यावर दिसतं. अमेरिकन शहरांचे सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे तर नवीन इमारत झाली की वर चिठ्ठी डकवून सुधारत. जुन्या जागेवर बांधकाम करण्याआधी तिथे कधी तेलाची टाकी किंवा कारखाना होता का, हे पाहायला लोक आजही तेच नकाशे काढतात. चिठ्ठीखाली काय होतं ते स्कॅनमध्ये दिसत नाही.

आणि ‘व्हिनलँड नकाशा’. कोलंबसच्या आधीच उत्तर अमेरिकेचा किनारा दाखवणारा हा नकाशा येलने १९६५ मध्ये मोठ्या थाटात प्रसिद्ध केला. चित्र तर सगळ्यांनी पाहिलं होतं, पण त्यावरून वाद मिटेना. चर्मपत्र पंधराव्या शतकातलं निघालं. शाईत मात्र टायटॅनियमचं असं संयुग सापडलं, जे १९२० च्या दशकापासून कारखान्यात बनू लागलं. २०२१ मध्ये येलनेच सगळा नकाशा तपासून तो बनावट असल्याचं जाहीर केलं. मागच्या बाजूला पुस्तकबांधणीची म्हणून असलेली एक जुनी नोंदही आधुनिक शाईने गिरवून बदललेली आढळली. ही फसवणूक उघडी पडली ती शाई आणि कातडं हाताशी होतं म्हणून.

राहिली जागा. नकाशांचे सपाट खण मोठे असतात हे खरं, आणि कुठली तरी कपाटं दूरच्या कोठारात हलवावी लागणार हेही खरं. पण ‘वर्षात किती जणांनी मागितलं’ या एकाच मापाने निवड केली तर आधी काय जाईल? येलमध्येच साधारण १४९१ चा मार्टेलस या नकाशाकाराचा जगाचा मोठा नकाशा आहे. रंग इतका विटला होता की त्यावरचा बराचसा मजकूर कुणालाच वाचता येत नव्हता. जुन्या छायाचित्रांनीही फारसं काही हाती लागलं नव्हतं. २०१४ मध्ये वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात त्याची छायाचित्रं घेतली, आणि शेकडो वर्षांत कुणी न वाचलेल्या ओळी उमटल्या. आफ्रिकेच्या आतल्या भागातल्या काही नोंदी १४४१ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेला आलेल्या इथिओपियन प्रतिनिधींकडून आलेल्या माहितीवर आधारलेल्या असल्याचं त्यातून पुढे आलं.