किवीचा वास आणि गच्चीवरच्या मधमाश्या

आमच्या दहिसरच्या गच्चीबाग ग्रुपवर या आठवड्यात तीनदा आलेला फॉरवर्ड: ‘किवीची एकच वेल कुंडीत लावा. फुलांच्या घमघमाटाने मधमाश्या आपोआप येतात, मुंबईतही घोस लागतात. वास कमी वाटला तर अत्तर शिंपडा.’

‘एकच वेल.’ किवीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. मादी फुलातही पिवळे पुंकेसर दिसतात, तिथेच माणूस फसतो. त्यातला पराग वांझ असतो.

‘घमघमाटाने आपोआप.’ सगळ्यात गोड थाप हीच. ‘हेवर्ड’ या नेहमीच्या हिरव्या किवीच्या फुलात फार्नेसीन, जर्मॅक्रीन अशी वासाची संयुगं आहेत, हे खरं. पण मधमाशीला वास म्हणजे दुकानाची पाटी. वडापावच्या गाडीचा वास आपल्याला ओढतो, कारण तो आपण आधी खाल्लेला असतो. माशीही तशीच चाखून शिकते, मग तो वास हुंगत परत येते. आणि किवीच्या फुलात मकरंद नाहीच, नुसता पराग. शेजारी मकरंदाचं काही फुललं की माश्या तिकडे पळतात. एका चांगल्या पोसलेल्या फळात हजाराच्या वर बिया असतात. बी धरायला पराग लागतो, तो कमी पडला की बिया कमी आणि फळ लहानच राहतं. म्हणून न्यूझीलंडचे बागायतदार फुलोऱ्यात हेक्टरी ८ च्या आसपास मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात, वर पेटीतच साखरेचा पाक देतात. गोडाची सोय घरीच झाली की जास्त माश्या परागामागे लागतात. नुसत्या वासावर भागत असतं तर हा खर्च कोणी केला असता?

‘अत्तर शिंपडा.’ अर्जेंटिनातल्या संशोधकांनी सूर्यफुलाच्या वासाची नक्कल वापरली होती, पण फुलांवर फवारून नव्हे. पाकात मिसळून ती पेटीतल्या माश्यांना पाजली, वास आणि गोडी यांची गाठ घालून दिली. तुमच्या अत्तराने फार तर शेजारच्या काकू चौकशीला येतील.

‘मुंबईतही.’ हेवर्डला फुलायला हिवाळ्यात शेकडो तास ७ अंशांखालची थंडी लागते. बंगळूरच्या लालबागेत १९६० साली लावलेल्या वेली फळल्याच नाहीत. शिमल्यात १९६३ साली लावलेल्यांना १९६९ मध्ये फळं आली. आपण तर १५ अंशांनाच स्वेटर शोधतो.

गच्चीवर वेलच हवी तर कारलं लावा. नर-मादी फुलं एकाच वेलीवर, मादी फुलामागे इवलंसं कारलं आधीच दिसतं. माश्या नाहीच फिरकल्या तर सकाळी नर फूल खुडायचं आणि मादी फुलावर हाताने फिरवायचं.